तारेची किंमत कानाला कळते का?

वसईत समुद्राच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला तांब्याचा स्वभाव शिकवावा लागत नाही. देवघरातली पळी आणि ताम्हन चिंचेनं लख्ख घासून ठेवलं तरी चार दिवसांत त्यांच्यावर सावळी झाक चढते. पावसाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी. इथल्या हवेतच मीठ आहे. ज्या खाऱ्या वाऱ्यावर खाडीकाठची मिठागरं चालली, तोच वारा खिडकीतून घरात येतो आणि पंख्याच्या पात्यापासून टीव्हीच्या मागच्या सॉकेटपर्यंत सगळ्यावर बसतो.

अशाच एका पावसाळ्यात माझ्या घरच्या डाव्या स्पीकरचा आवाज बसला. मधूनच खरखर यायची आणि तानपुऱ्याच्या नादातली लकाकी पार गेली होती. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो आणि पारदर्शक आवरणातून तांबूस तारा दिसणारी, टोकांना सोनेरी पिना असलेली जाडजूड वायर घेऊन आलो. साध्या वायरच्या वीसपट किंमत मोजली. घरी येऊन ती जोडली, मल्लिकार्जुन मन्सूरांची सीडी लावली आणि पहिल्या झंकारालाच तानपुरा उघडला. पैसे सार्थकी लागले, असं मी भेटेल त्याला सांगत होतो, आणि ते मनापासून सांगत होतो. पुढच्या वर्षी खोलीतलं कपाट हलवलं, स्पीकर लांब गेला, नवी वायर पुरेना. म्हणून माळ्यावरची जुनी काढून लावली. तानपुरा तसाच उघडा. खरखरही नाही.

या कोड्याचं उत्तर पिनेच्या टोकावर होतं. खाऱ्या हवेनं पिनेवर आणि सॉकेटच्या आतल्या पत्र्यावर एक पातळ पुट चढतं. त्या पुटातून प्रवाह नीट जात नाही, अडखळतो, आणि ते अडखळणं आपल्याला खरखर म्हणून ऐकू येतं. जुनी वायर उपसून नवी खोचताना सॉकेटमधला पत्रा घासला गेला आणि पुट निघालं. म्हणजे आवाज सुधारला हे खरंच होतं, माझे कान खोटं बोलत नव्हते. कारण मात्र मी चुकीच्या वस्तूला चिकटवलं होतं. जुनीच वायर एकदा काढून, टोकं पुसून, पुन्हा खोचली असती, तरी तानपुरा उघडला असता. हे पडताळून पाहण्याची साधी युक्ती तेव्हा मला सुचली नाही. हे प्रकरण त्या युक्तीबद्दल आहे.

आधी वायरचं काम काय ते पाहू. ॲम्प्लिफायरकडून निघालेला विजेचा प्रवाह स्पीकरपर्यंत पोचवायचा आणि परत आणायचा, एवढंच तिचं काम. वाटेत ती थोडा विरोध करते, तो ओहममध्ये मोजतात. विद्युतजोडणीच्या दुकानात ज्याला आपण ‘अडीचची वायर’ म्हणतो, म्हणजे जिच्या तांब्याचा छेद 2.5 चौरस मिलिमीटर असतो, तिची पाच मीटर लांबी घेतली तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं होतं. त्याचा विरोध साधारण 0.07 ओहम. घरचा स्पीकर बहुधा 8 ओहमचा असतो. या दोन आकड्यांवरून हिशेब केला तर वायरमुळे आवाजात पडणारी घट 0.07 डेसिबलच्या आसपास येते. शांत खोलीत, सरावलेल्या कानाला, अगदी अनुकूल परिस्थितीतही साधारण पाव ते अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी फरक ओळखता येत नाही. म्हणजे घरच्या अंतरावर अडीचची वायर कानाच्या पल्ल्याच्या कितीतरी खाली राहते. ‘ऑक्सिजनमुक्त’ तांब्याचा गाजावाजा होतो, पण घरातल्या दिव्यांच्या वायरीतलं तांबंही 99.9 टक्के शुद्ध असतं आणि दोघांच्या वाहकतेतला फरक जेमतेम एखाद्या टक्क्याचा असतो. तेवढा फरक वायर चार बोटं आखूड कापूनही भरून निघतो.

मात्र वायरनं काहीच फरक पडत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला वसई-विरारच्या नवरात्रात साऊंडवाल्यांच्या मागे एक संध्याकाळ उभं करावं. मंडपाच्या एका टोकाला ॲम्प, दुसऱ्या टोकाला 4 ओहमचा स्पीकर, मध्ये चिखलातून नेलेली तीस मीटर वायर. ती दीडची असेल तर तिचा विरोध जाऊन-येऊन जवळजवळ 0.7 ओहम होतो, आणि स्पीकरला मिळणारी शक्ती 27 टक्क्यांनी घटते. अडीचची घातली तर घट 18 टक्क्यांवर येते, चारची घातली तर 12 वर. हा फरक साऊंडवाल्या पोराला पाठ असतो, म्हणून तो लांबच्या स्पीकरला जाड वायर काढतो आणि ॲम्प शक्यतो स्पीकरजवळ नेतो. लांबी, जाडी आणि टोकांचे सांधे, एवढ्यावर त्याचं लक्ष असतं. माझ्या मते वायरबद्दल जे जाणून घ्यायचं त्यातलं बहुतेक सगळं या तीन गोष्टींत आलं.

हेच 1983 साली अमेरिकेत ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकानं कानांनीच तपासून पाहिलं. लॉरेन्स ग्रीनहिल यांनी तीन वायरी घेतल्या: एक त्या काळात गाजलेली महागडी मॉन्स्टर केबल, दुसरी टेबललॅम्पला वापरतात तसली साधी जाड वायर, आणि तिसरी स्पीकरबरोबर फुकट मिळते तशी केसासारखी बारीक. कोणती वायर चालू आहे हे ऐकणाऱ्यांना कळू दिलं नाही. निकाल असा निघाला की संगीत ऐकताना महागडी केबल आणि लॅम्पची वायर यांतला भेद कुणाला सांगता आला नाही. बारीक वायर मात्र त्या दोघींपेक्षा मागे पडते असं दिसलं. विरोधाच्या हिशेबातून जे निघतं, तेच कानांनी सांगितलं.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, 2007 च्या ऑक्टोबरात, जादूगार जेम्स रँडी यांनी जाहीर आव्हान दिलं. पेअर या कंपनीची ‘अंजू’ नावाची स्पीकर केबल तेव्हा बारा फुटांच्या जोडीला 7,250 डॉलरला मिळत होती, म्हणजे त्या वेळच्या दरानं जवळजवळ तीन लाख रुपये. साध्या चांगल्या वायरपासून ती केवळ ऐकून ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घ्या, असं ते आव्हान होतं. मायकेल फ्रेमर हे नावाजलेले समीक्षक पुढे आले, हे त्यांच्या धाडसाचं म्हणावं लागेल. पण कंपनीनं केबल द्यायचं नाकारलं, अटींवरून वाद झाले आणि शेवटपर्यंत चाचणी झालीच नाही. मला त्या न झालेल्या चाचणीची आजही हळहळ वाटते. फ्रेमर जिंकले असते तर काय ओळखलं हे शोधता आलं असतं. हरले असते तरी एवढ्या मुरलेल्या कानाची मर्यादा नेमकी कुठे आहे हे कळलं असतं.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तीन लाखांची वायर जोडल्यावर ज्याला खरोखरच आवाज उजळलेला ऐकू येतो, त्याच्या डोक्यात काय घडत असतं?

1976 साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एका माणसाचे ओठ ‘गा-गा’ म्हणत असतात आणि ध्वनिक्षेपकातून त्याच वेळी ‘बा-बा’ असा आवाज येत असतो. पाहणाऱ्याला ऐकू येतं ‘दा-दा’. डोळे मिटले की लगेच ‘बा-बा’. उघडले की पुन्हा ‘दा-दा’. फसवणूक कशी होते हे ठाऊक असलेल्या माणसालाही तसंच ऐकू येत राहतं. डोळा आणि कान यांचा माल मेंदूत एकत्रच शिजतो आणि आपल्या ताटात तयार भाजीच येते. मग त्यातलं मीठ कुणाचं आणि तिखट कुणाचं हे वेगळं काढता येत नाही. म्हणून मी वायर घेणाऱ्या कुणालाही मूर्ख म्हणणार नाही. त्याला तो उजेड ऐकू येतो. फक्त तो तांब्यातून आलेला नसतो, सोनेरी पिनेच्या चमकेतून, मोजलेल्या पैशातून आणि दुकानदाराच्या शब्दांतून आलेला असतो.

याहून एक विलक्षण गोष्ट 1994 मध्ये पुढे आली, आणि या सगळ्या विषयात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. हार्मन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी आपल्याच कंपनीतल्या चाळीस माणसांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआडून, एकदा समोर दिसत असताना. समोर दिसताना मोठे, देखणे स्पीकर वर गेले आणि पडद्याआडून चांगले गुण मिळवणारा छोटा, स्वस्त संच खाली घसरला. इथपर्यंत अपेक्षितच होतं. पण स्पीकर खोलीत इकडचा तिकडे हलवला की त्याचा आवाज खरोखर बदलतो, आणि पडद्याआडून ऐकताना लोकांनी तो बदल नोंदवला होता. डोळ्यांसमोर स्पीकर दिसत असताना त्याच लोकांनी तो बदल फारसा नोंदवलाच नाही. नाव आणि रूप दिसलं आणि कानानं खऱ्या फरकाकडेही पाठ फिरवली. डोळे झाकून घेतलेली चाचणी म्हणजे कानावर अविश्वास, असं पुष्कळ रसिकांना वाटतं. या प्रयोगानं उलट दाखवलं. कानाला एकट्यानं बोलू द्यायचं असेल तर डोळ्याला बाहेर बसवावं लागतं.

व्हायोलिनच्या जगात हे आणखी हळव्या जागी लागलं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात, एका हॉटेलच्या खोलीत, क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी एकवीस वादकांपुढे सहा व्हायोलिनं ठेवली. त्यांतली तीन नवी होती, तीन जुन्या नामवंत कारागिरांनी घडवलेली: दोन स्ट्राडिवारीची आणि एक ग्वार्नेरीचं. जुन्या तिघांची एकूण किंमत नव्या तिघांच्या सुमारे शंभरपट होती. वादकांना वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे दिले, खोलीतला उजेड कमी केला, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटी टेकतात तिथे अत्तराचा थेंब लावला. घरी न्यायला कोणतं आवडेल, असं विचारल्यावर एकवीसपैकी तेरा जणांनी नवं उचललं. सर्वांत कमी पसंती मिळालेलं व्हायोलिन दोन स्ट्राडिवारींपैकी एक निघालं.

हे वाचताना मला वसईच्या घंटा आठवल्या. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईचा किल्ला घेतला आणि इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकरला आज त्या टांगलेल्या आहेत. वसईचा माणूस तिथे गेला आणि त्याला कुणी हे सांगितलं, तर टोल कानावर पडताच त्याच्या अंगावर काटा येतो. शेजारच्या भाविकाला तोच टोल देवळाच्या घंटेचा असतो. काशाची कंपनं दोघांसाठी एकच. तो काटा खोटा नाही, तो इतिहासाचा आहे. स्ट्राडिवारी हातात घेणाऱ्या वादकाचा थरारही तसाच. तो थरार विकत घ्यायला माझी हरकत नाही. मात्र त्याला ध्वनीचा गुण म्हणून विकलं जातं तेव्हा हरकत घेतलीच पाहिजे.

डोळे बाजूला ठेवून ऐकण्याची ही शिस्त आपल्याकडे संगीताच्याच दारानं आली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि आकाशवाणीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी चाचणी व श्रेणी यांची पद्धत त्यांच्या काळात बसवली गेली. परीक्षण मंडळाची धुरा मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे होती, भातखंड्यांचे शिष्य. मोठमोठे कलाकार दुखावले. आयुष्यभर मैफली गाजवलेल्यानं परीक्षा का द्यावी, हा त्यांचा सवाल होता आणि त्यात तथ्यही होतं. पण या पद्धतीत पुढे रुळलेला एक नियम मला मोलाचा वाटतो: परीक्षक मंडळाकडे ध्वनिमुद्रण जातं ते फक्त क्रमांक घालून. घराणं, गुरू, गाव, आडनाव काही नाही. गळ्यातून जे निघालं तेवढंच परीक्षकांपुढे जातं. खेड्यातल्या, कुणाचा हात पाठीवर नसलेल्या मुलीला या क्रमांकानं किती बळ दिलं असेल याचा विचार करून पाहावा.

खरा फरक असेल तर तो आंधळ्या चाचणीतही उभा राहतो, हेही सांगितलं पाहिजे. मिरजेच्या कुठल्याही तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी लागते आणि बोथट स्वर एकदम भणभणू लागतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं शाळकरी पोरही दहापैकी दहा वेळा हा फरक सांगेल. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये याच घोडीचा अभ्यास करून दाखवलं की तार छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर निघायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात जोरकसपणे निघतात. कान आणि मोजमाप इथे एकमेकांचा हात धरून उभे आहेत. आणि त्या सुताच्या दोऱ्याला दाम लागत नाही.

आता तुमच्या घरी ही चाचणी कशी करायची ते सांगतो. तीन माणसं लागतात. एक ऐकणार, एक टिपणार, आणि एक वायर बदलणार. बदलणाऱ्यानं पडद्याआड राहायचं, नाणं उडवायचं, छापा आला तर पहिली वायर जोडायची, काटा आला तर दुसरी. टिपणाऱ्यालाही कोणती जोडली हे कळता कामा नये, कारण भुवई हलली तरी ऐकणारा ती वाचतो. बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी 1950 मध्ये मांडलेली एबीएक्स पद्धत अशीच आहे: आधी ‘ए’ ऐकवायचा, मग ‘बी’, मग अज्ञात ‘एक्स’, आणि तो दोघांपैकी कोण ते विचारायचं.

दोन गोष्टी काटेकोर पाळा. पहिली आवाजाची पातळी. दोन आवाजांतला जो रेसभर मोठा, तो कानाला ‘जास्त स्वच्छ’ वाटतो, मोठा वाटत नाही. इथेच सर्वाधिक लोक फसतात. मोबाइलवरून शंभर हर्ट्झचा एकसुरी आवाज सोडा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरनं एसी व्होल्ट मोजा, आणि दोन्ही वायरींतला फरक एक टक्क्याच्या आत आहे ना ते पाहा. दुसरी गोष्ट माझ्या अनुभवातली: नाण्यानं तीच वायर पुन्हा आणली तरी ती उपसून नव्यानं खोचायची. नाहीतर पिन घासली जाण्याचा फायदा एकीलाच मिळतो, शिवाय खुडबुडीच्या आवाजावरून ऐकणाऱ्याला अंदाज येतो.

आमच्याकडे तिसरी अट आपोआप येते. पश्चिम रेल्वेच्या रुळांजवळ घर असेल तर दर काही मिनिटांनी लोकल खोलीतली शांतता घेऊन जाते. शेवटची गाडी गेल्यावर बसा.

सोळा वेळा ऐका. दहा कमी पडतात, कारण नाणं उडवून उत्तरं दिली तरी दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 17 टक्के असते. म्हणजे सहा मित्रांनी नुसते अंदाज ठोकले तरी त्यांतला एखादा ‘तयार कानाचा’ ठरायचा. सोळापैकी बारा किंवा अधिक बरोबर आले तर ते निव्वळ नशिबानं होण्याची शक्यता चार टक्क्यांखाली जाते. बारा आले तर दुसऱ्या रात्री पुन्हा करा. पुन्हा आले तर कानानं काहीतरी पकडलंय, आणि मग मल्टिमीटर घेऊन कारण शोधा: वायर फार बारीक आहे का, डाख सुटलाय का, एखाद्या जोडणीत धन-ऋण उलटं झालंय का.

मी माझ्या दोन वायरींवर हे केलं. चारही टोकं आधी स्पिरिटनं पुसून घेतली, लांबीला पुरावं म्हणून स्पीकर पुन्हा जुन्या जागी आणला, आणि रात्री दीडनंतर बसलो. मन्सूरांचाच तानपुरा. पहिल्या पाच खेपांना मला पक्की खात्री होती की सोनेरी पिनांची वायर ओळखू येते आहे. सकाळी कागद जुळवला तेव्हा सोळापैकी नऊ बरोबर निघाले.

दोन्ही वायरी अजून घरात आहेत. मे महिन्याच्या शेवटी, गॅलरीला ताडपत्री बांधायच्या दिवशी, मी सगळ्या पिना उपसतो, स्पिरिटनं पुसतो आणि परत खोचतो. गणपतीच्या आधी पुन्हा एकदा.